अर्ध्या कोयत्याचा ब्लॉग

मी, गोपिकाबाई राधाकिसन गाडेकर, वय ५६, राहणार तीर्थपुरी, ता. घनसावंगी, जि. जालना. डोकं ठिकाणावर आहे, मानगुटीवर कुणी बसलेलं नाही. मात्र रागात आहे, याची नोंद घ्यावी.

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. तापाने फणफणलेला माझा नवरा फडात बसला म्हणून मुकादम सर्जेरावने त्याच्या डोक्यात घाव घातला. तो जागीच गेला आणि मी अर्धा कोयता झाले. कोर्टात माझा दीर राजानंद साक्षीत फिरला, सर्जेराव सुटला, गुलाल उधळला. राजानंदने माझ्या मातीला येऊ नये. आलाच तर चहासुद्धा देऊ नये.

त्या गुलालाच्या दिवशी मी कोयता घेऊन निघाले होते. मोबाइलच्या दुकानातली हसीना आडवी आली. म्हणाली, "मावशी, पहले लिहा, मंग मारा." तिनेच ब्लॉग काढून दिला. लिहून होईस्तोवर हात थंडावला.

तेव्हापासून डोकं भडकलं की लिहीत आले. ब्लॉगात सर्जेरावला उसासारखा बुडातून तोडला, शेंडा छाटला, मोळी बांधली, पाचटात पेटवला. हसीना सोडून कोण वाचतं, ठाऊक नाही. न का वाचेना! लिहिलं की घास उतरायचा, झोप लागायची. त्या ब्लॉगमुळे तो मुडदा जिवंत आहे आणि मी घरात आहे.

माझा मोबाइल हसीनाला द्यावा. पासवर्ड तिच्याकडेच आहे.

राहतं घर मुलगा आर्यन यास. अट एकच: ब्लॉग पहिल्यापासून शेवटपर्यंत हसीनासमोर मोठ्याने वाचल्याशिवाय ताबा मिळणार नाही. ब्लॉग कुणीही पुसू नये.

कोयता आर्यनला बिलकुल देऊ नये. पातं गोदावरीत टाकावं.

आर्यन, डॉक्टरने माझे थोडेच दिवस सांगितले तशी तू कोयत्याला धार लावलीस. मला म्हणालास, "आई, तू निस्ती लिहून राह्यली. तू हाईस तवर थांबतो. मंग त्याला ठिवत न्हाई." म्हणून हे मृत्युपत्र. बाळा, वाच. त्याला मी इतक्या बाऱ्या मारलाय की तुझ्यासाठी काही शिल्लक न्हाई. तुझा बाप त्याने नेला. त्याच्यापायी तुलाही फासावर देईन, इतका मोठा माणूस न्हाई तो.

हे मी वाचून घेतलं, बराबर आहे, म्हणून खाली सही करते.

गोपिकाबाई राधाकिसन गाडेकर

आमच्यादेखत सही केली:
१. गोरक्षनाथ खरात, शेजारी
२. अबुबकर शेख, किराणा दुकानदार

तीर्थपुरी, दि. १४ फेब्रुवारी २०२५