नानांच्या मोटारीला आलेले फोन

ती. जयाआत्या,

वाल्मिकचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अशासाठी की हे पत्र वाचून तू पायातलं काढशील तेव्हा मी आधीच आडवा असलेला बरा.) तुझा गुडघा कसा आहे? राजूरची थंडी उतरली का? मामांना नमस्कार सांग. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण तसं कुणीही नाही. मी तर अजून हबकलेलाच आहे. भाकरीचा तुकडा मोडतो आणि तोंडाशी नेऊन तसाच बसतो. काकू म्हणते, दृष्ट लागली. दृष्ट नाही आत्या, फोन लागला.

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. तर माझा फोन तुझ्या राधाकृष्णदादांनी, म्हणजे आमच्या नानांनी, ज्वारीच्या कोठीत टाकलाय आणि झाकणावर वरवंटा ठेवलाय. आणि खरं सांगू, मलाच आता फोनची धास्ती बसली आहे. कुणी नुसतं 'हॅलो' म्हणालं तरी कुठंतरी पाणी वाहायला लागल्यासारखं वाटतं.

मुळापासून सांगतो. आपली मळ्यातली विहीर नानांची आणि आसारामतात्यांची सामाईक, हे तुला सांगायला नको. (तुझाच सख्खा भाऊ आणि तुझाच चुलतभाऊ.) मोटारी दोघांच्या वेगळ्या, पाणी एकच, आठवडा यांचा, आठवडा त्यांचा. ही पाळी ठरण्यासाठी दोघांनी नेवाशाच्या कोर्टात किती चपला झिजवल्या ते तू पाहिलंस. यंदाच्या दिवाळीत कुठं तात्यांच्या घरून फराळाचं ताट आलं. काकूनं त्या अनारशांना आधी हातच लावला नाही, नुसती बघत बसली, आणि मग पदर डोळ्याला लावला. ते ताट ध्यानात ठेव आत्या, कारण तेच मी फोडायला निघालो होतो.

नानांनी मागच्या वर्षी मोबाईलवर चालणारा स्टार्टर घेतला होता. घरी बाजेवर बसून फोन लावायचा की मळ्यातली मोटार चालू. नाना त्यावर इतके खूश की पाव्हणे आले की चहाआधी मोटार चालू करून दाखवायचे. पण वर्ष सरलं आणि एका सकाळी मोटार चालूच होईना. मोबाईलवर मजकूर आला की आपली मुदत संपली आहे, नूतनीकरण करा. नानांनी कंपनीत फोन लावला तर तिकडचं पोरगं गोड आवाजात म्हणालं की काका, डबा तुमचाच आहे, पण त्यातला प्रोग्राम कंपनीच्या मालकीचा, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी दिली होती. आत्या, पाळण्यातलं पोर बोलायला लागलं असतं तरी नाना इतके दचकले नसते. "हीर माझी, मोटार माझी, लाईटबिल माझं, आन् परवानगी त्याची? बैल इकत घेतल्यावर कासरा इकणाऱ्याच्या हातात ठिवून येतो का कोन?"

इथं माझ्या अंगात आलं. तुला ठाऊक आहे, मी आयटीआय अर्धवट सोडल्यावर कोल्हारला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होतो. (तिथून का सुटलो ते वेगळं. मालक चांगला, काम चांगलं, पण दुकानासमोरून मनमाडकडे गाड्या जायच्या, आणि जाणारी गाडी दिसली की माझं बूड टिकत नाही. एकदा गिऱ्हाइकाचा फोन उघडून ठेवला, जरा पाय मोकळे करावेत म्हणून निघालो आणि शिर्डीला उतरलो. येताना मालकासाठी प्रसाद आणला होता, पण त्यानं तो घेतला नाही.) तर तिथं मला कळलं होतं की जगात अशीही माणसं आहेत, जी खपून खपून प्रोग्राम लिहितात आणि नेटवर फुकट ठेवून देतात. नुसता चालता प्रोग्राम नाही, त्याचं आतडं न् आतडं उघडं. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. मोटारीच्या स्टार्टरचासुद्धा असा प्रोग्राम कुठल्या तरी परदेशी माणसानं लिहून ठेवलाय, हे मी नानांना सांगितलं.

नाना म्हणाले, फुकट देतोय म्हणजे त्यात खोट असणार. काकू चुलीपुढून म्हणाली, "खोट कशाची? इरजन न्हाई का आपन शेजारनीकडून आनत? ती काय पैसं घेती का? फकस्त आपल्या घरी कुनी मागाया आलं तर न्हाई म्हनू न्हाई." मी आयटीआयत दोन वर्षं काढली, पण इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. मग नानांनी विचारलं, त्या लिहिणाऱ्याला यातून काय मिळतं? मी म्हणालो, काही नाही, फक्त त्याचं नाव वरती तसंच ठेवायचं, पुसायचं नाही. हे नानांना लगेच पटलं. आपल्या भैरोबाच्या पायरीवर देणगीदारांची नावं कोरलीत तसंच हे. लोक पाय देऊन जातात, पण नाव राहतं.

मी सामान आणलं, डबा जोडला, कोल्हारला रस्त्याकडेला छत्रीखाली बसणाऱ्या पोराकडून एक सिमकार्ड घेऊन डब्यात घातलं. आता या नंबरावर फोन केला की डबा फोन उचलणार, मोटार चालू. परत केला की बंद. (उचलल्यावर तो थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवतो, मुक्यासारखा. का, ते लिहिणाऱ्यालाच माहीत.) प्रोग्रामात एक यादी होती, कोणाकोणाच्या फोनवरून मोटार चालावी त्याची. आता आपल्या घरात कुणाच्या फोनला चार्जिंग नाही, कुणाचं रिचार्ज संपलेलं, काकूचा फोन तर भाचीच्या नावावर. म्हटलं, यादी रिकामीच ठेवू. ठेवली, आणि घरातल्या प्रत्येक फोनवरून मोटार चालली. काकूनं माझ्यावरून मीठमोहरी ओवाळली. घरातल्या कुणाच्याही फोनवरून चालते म्हणजे जगातल्या कुणाच्याही फोनवरून चालेल, हे या डोक्यात आलं नाही.

पुढचा आठवडा तात्यांच्या पाण्याचा. सकाळी तात्या गव्हाला पाणी धरायला गेले तर विहिरीवर नानांची मोटार धो धो चालू. तात्या तिथूनच ओरडत आले. नानांना काही कळेना. नानांचा कांदा काढायला आलेला, त्याचं पाणी त्यांनी कधीच तोडलं होतं. "काढायला आल्याल्या कांद्याला पानी द्याया मी येडा हाय व्हय? सडंल की समदा!" तात्या म्हणाले, "तूच इचार तुला. मोटार काय आपल्या मनानं चालती?" दुपारी ती परत आपल्या मनानं चालली. संध्याकाळी थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी मळ्यात जाऊन डब्यापुढे हात जोडून बसलो. माझ्या डोळ्यांदेखत, कुणी हात न लावता, आतून 'टक्' झालं आणि मोटार सुरू. आत्या, मी भुताखेतांना मानत नाही, पण तिथून येताना मागं वळून पाहिलं नाही. नानांना सांगितलं तर ते म्हणाले की आधी डब्याचं खरं काय ते शोध, मग तोंड दाखव. तिकडे तात्यांनी गावभर सांगितलं की राधाकृष्ण पाणी चोरतो. काकूनं दिवाळीचं ते ताट घासून ठेवलं होतं, परत पाठवायला. रिकामं.

शेवटी पोलीस पाटलांनी दोघांना विहिरीवर बसवलं. चार जाणती माणसं होती. मी वायरिंग बघायचं निमित्त करून डब्याजवळ उभा. नानांनी विहिरीकडे हात करून शपथ घेतली, तात्यांनी तोंड फिरवलं. तात्या म्हणाले, पुन्हा कोर्टात जाऊ. तेव्हा पाटील म्हणाले, "आसाराम, इचार कर. घरात लग्नाचं पोरगं हाय. कोर्टकज्जाच्या घरात पोरगी कोन देनार?" ते तात्यांना असं लागलं की त्यांचा चेहराच उतरला. (त्यांच्या कल्याणदादाचं वय तुला माहीत आहे. तात्या चारचौघांत सांगतात की स्थळांची रांग लागलीय, आम्हीच पसंत करत नाही.) "पान्याला जाऊन येतो," म्हणून तात्या उठले आणि पलीकडे बाभळीच्या आड गेले. त्यांना मी दिसत नव्हतो, पण ते इतके जवळ होते की मला सगळं ऐकू येत होतं.

तात्यांनी फोन लावला. माझ्या डोक्याशी डबा म्हणाला, 'टक्'. मोटार चालू.

आणि तात्या फोनवर, हात तोंडाशी धरून: "हॅलो, बजरंगराव? बोला की हो. रोज फोन उचलता आन् मुक्यानं ऐकून घेता, आसं काय करता? पोरगा निर्व्यसनी हाय. दोन भाऊ, भांडान न्हाई, तंटा न्हाई. आन् पान्याचं म्हनाल तर बारमाही हीर हाय, पानी कसं, धो धो..."

आत्या, त्यांच्या पाठीमागे पाणी खरंच धो धो पडत होतं.

बजरंगराव म्हणजे नेवासा भागात लग्नं जुळवणारे. त्यांनी नंबर बदलला, जुना बंद पडला, सिमकार्डाच्या कंपनीनं तो दुसऱ्याच्या नावावर विकायला काढला, तो छत्रीखालच्या पोराकडे आला आणि त्याच्याकडून माझ्याकडे. तात्या इतके दिवस आपल्या पोराची सगळी माहिती नानांच्या मोटारीला सांगत होते. आणि मोटार ऐकून घेऊन त्यांचंच पाणी उपसत होती!

तिकडे बसलेली माणसं उठून उभी राहिली. पाणी चाललेलं सगळ्यांना दिसलं. तात्यांना ते ऐकू आलं. त्यांनी वळून पाहिलं, फोन कानावरून काढला, परत लावला. मोटार बंद. परत लावला. चालू. तेव्हा त्यांच्या तोंडाला जे झालं ते मी लिहीत नाही, तो तुझा भाऊ आहे. मी तोंड उघडणार, इतक्यात नाना शेजारी आले. त्यांनी बाभळीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. सगळं समजलं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. आणि त्यांनी मला अशी एक ठेवून दिली की मी सरळ वाफ्यात.

"समद्यांनी बघा," नाना पाटलांना मोठ्यानं म्हणाले. "ह्या पोरानं तारा उलट्या जोडल्यात. वाऱ्यानं बी मोटार चालती. आसाराम, माझं चुकलं. तुझं पानी गेलं ते खरं हाय." तात्या बाभळीआडून आले, मान खाली. एवढंच म्हणाले, "तसं काय न्हाई रं, पोरासोरांचं चालायचंच." कज्जा मिटला. नानांनी चोरी नाकारायची ती कबूल केली, आणि ती केली नव्हती म्हणून सांगणारा एकटा मी, तोही चिखलात.

घरी येऊन मी त्या परदेशी माणसाचं म्हणणं पहिल्यांदा नीट वाचलं. ठळक अक्षरांत लिहिलंय, यादी रिकामी ठेवू नका. खाली म्हटलंय की हे आहे तसं दिलं आहे, नुकसान झालं तर मी जबाबदार नाही. बैलबाजारात बैल विकणारा म्हणतो ना, उभा आहे असा घ्या, तसंच. आत्या, कंपनी लपवते म्हणून आपण बोंबलतो. यानं सगळं उघडं मांडलं, तर ते वाचायचा मला कंटाळा. (नंतर ते सिम साध्या फोनात घातलं, तर अख्ख्या तालुक्याचे वरबाप बोलायला लागले. एकाला मी सांगितलं की काका, हा मोटारीचा नंबर आहे. तो म्हणाला, मोटार बी घेतलीय पोराला, आता बोला. नाना ते ऐकत होते. तिथंच माझा फोन कोठीत गेला. सिम परत डब्यात घातलंय.)

आता यादीत दोनच नंबर आहेत, नानांचा आणि तात्यांचा. दोघांच्याही फोनवर आता एकच मोटार चालते. हे नानांनीच सांगितलं. तात्या चहाला आले होते, त्यांना मी दाखवलं. जाताना दारात चप्पल शोधत त्यांनी मला हळूच विचारलं, "म्हंजी त्या बाजूला... कुनीच ऐकत नव्हतं?" मी म्हणालो, नाही तात्या. त्यांना बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही.

तुझा भाचा,
वाल्मिक

ता.क. काकूनं ताट परत पाठवलं, पण भरून. पुरणपोळ्या होत्या.

ता.क. पत्राचं खरं कारण राहिलंच. नाना म्हणतात, राजूरच्या बाजाराला डोंगरातली सगळी गावं येतात, आणि तुला सगळी घरं माहीत. कल्याणदादासाठी एखादी शहाणी, तिच्या मनानं हो म्हणणारी मुलगी बघ. नानांनी सांगितलं हे तात्यांना कळू द्यायचं नाही. मुलीकडच्यांनी पाण्याचं विचारलं तर बेलाशक सांग, विहिरीवर तंटा नाही. आजपासून ते खरं आहे.

ता.क. वर मी यादीत दोनच नंबर आहेत असं लिहिलं. तिसरा तुझा टाकलाय, हे नानांनाही माहीत नाही. डब्याचा नंबर मागच्या पानावर लिहिलाय. कुणी हो म्हटलं तर त्याच्यावर एक फोन कर, बोलायची गरज नाही. आमच्याकडे मोटार अवेळी चालू होईल, आणि या खेपेला दोघेही भाऊ धावत येतील ते भांडायला नाही. त्यांना काय ते मी सांगेन. पण एवढं कर, तोवर फोन भाजीच्या पिशवीत तळाशी ठेवू नकोस. मागं तुझ्या वांग्यांनी मला तीनदा फोन लावला होता, आणि तात्यांचं काळीज आता तेवढं घट्ट राहिलेलं नाही.