मदतीच्या चौकटीत साहेबांचं नाव

तीर्थस्वरूप महिपतमामा,

विनीतचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या तब्येतीचं विचारत नाही. परवा ज्या जोरात फोन आपटलात, त्यावरून ती ठणठणीत असावी.

तुम्ही शब्द टाकून लावलेली नोकरी मी घालवली, असं मयूरसाहेबांनी तुम्हाला कळवलं. अर्धंच कळवलं. आमचं सॉफ्टवेअर पॅथॉलॉजी लॅबवाले वापरतात. त्यात ‘मदत’ असं बटण आहे. ते दाबलं की साहेबांच्या हौसेखातर आत अख्खा ब्राउझर उघडायचा (गरगर फिरणारा लोगो, मागे बासरी) आणि कोपरीच्या लॅबमधला म्हातारा कॉम्प्युटर जागच्या जागी बसायचा. काउंटरवरच्या लक्ष्मीबाई तेवढ्यात तीन पेशंटांचं रक्त काढून यायच्या. मी म्हटलं, मदत म्हणजे शेवटी वाचायचा मजकूरच ना? मग मजकुराची साधी चौकट पुरे. मथळे ठळक, लिंका निळ्या, एक ‘मागे’चं बटण. दोन दिवसांत केलं. दाबल्या दाबल्या उघडतं. साहेब म्हणाले, “एवढंसंच? लोकांना वाटेल आपण कामच केलं नाही.” (त्यांनी केलंही नव्हतं.)

आता माझी चूक. लिंका चालतात का बघायला मी मनाला येईल ते लिहून ठेवलेलं. खरा मजकूर भरायच्या आत साहेब ते माजिवड्याच्या ऑफिसातून उचलून कोपरीला निघाले, स्वतःची करामत म्हणून दाखवायला. मीपण मागोमाग गेलेलो. लक्ष्मीबाईंनी ‘प्रिंटर अडला तर’ वर क्लिक केलं, चष्मा सावरला आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं वाचलं, “मयूरसाहेबांना विचारू नये. त्यांना प्रिंटर कुठला आणि मिक्सर कुठला, हे कळत नाही.”

रांग हसली. “उद्यापासून येऊ नकोस,” म्हणून साहेब जिन्यात गेले आणि तिथूनच त्यांनी तुम्हाला फोन लावला. ते परत आले तेव्हा लक्ष्मीबाई लॅबच्या डॉक्टरांना घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “सहा वर्षांत तुमच्या कंपनीने पहिल्यांदा काहीतरी खरं लिहून दिलंय. हा पोरगा नसेल, तर तुमचं सॉफ्टवेअरही नको.” डॉक्टरांनी मान डोलावली. साहेबांनी मला तिथल्या तिथे परत कामावर घेतलं. हे सांगायला दुसरा फोन मात्र त्यांनी तुम्हाला केला नाही.

मामींना नमस्कार. राग उतरला की कळवा.

तुमचा भाचा,
विनीत (डोंबिवली पूर्व)

ता. क. दोन दिवसांत केलं असं वर लिहिलंय, ते अकरा वाचावे. ‘मागे’ दाबलं की पुढे जात होतं.

ता. क. २. प्रिंटरच्या पानावर आता साहेबांऐवजी एक फोन नंबर टाकलाय. रविवारपुरता तो तुमचा आहे. लक्ष्मीबाईंचा फोन आला तर “बंद करून परत चालू करा” एवढंच ठणकावून सांगा. आम्हीही तेच सांगतो.