एका ताग्यातले कोट

मु. खालची वाडी, बुरोंडीजवळ
फाल्गुन वद्य पंचमी, सन १९३७

तीर्थरूप खंडूदादांच्या पायांवर धाकटा चुलतभाऊ गंगाराम याचं डोकं. (यंदा डोकं जरा जास्तच खाली ठेवलं आहे, कारण पुढे येईल.) तुमची तब्येत कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? गोदीतला साहेब अजून तसाच ओरडतो का? इकडे गाय व्याली, सुकी मासळी बरी आहे, सगळे जेवून-खाऊन आहेत. पण ‘सर्व क्षेम’ लिहायला हात धजत नाही, म्हणून लिहीत नाही.

तुम्हाला रजा मिळाली नाही, तेव्हा यंदाच्या शिमग्यातही पालखीपुढचं देवाचं निशाण मीच धरलं. मान थोरल्या पातीचा, म्हणजे तुमचा. मी आपला बदली. ते निशाण आता आपल्या घरात राहतं की जातं, असा पेच पडला आहे आणि त्याचं मूळ जर्मनीत आहे. घाबरू नका, सगळं सांगतो.

दिवाळीनंतर दाभोळच्या बंदरावर तंबूतला सिनेमा आला. गुणवंतीने हट्ट धरला (तुमच्या भावजयीचा हट्ट तुम्हाला ठाऊक आहे), म्हणून गेलो. मुख्य खेळाआधी जर्मनीत भरलेल्या सगळ्या जगाच्या खेळांची सुरुवात दाखवली. दादा, काय सांगू! एकेका देशाची मंडळी रांगेने येते, पुढे निशाण, मागे सगळे एकसारखे. कोट एक, विजार एक, टोपीसुद्धा सगळ्यांची एकाच बाजूला कललेली. आपल्याकडे लग्नात घरचे सगळे एका ताग्यातलं कापड घेतात, तरी कुणाचं ना कुणाचं आखूड होतंच. तिथे एकाचंही आखूड नाही. एका देशाचे गडी तर पट्ट्यापट्ट्यांच्या कोटात आले. ते कोट बघून मला पुढचं धड दिसेना. आपले हिंदुस्थानचे गडी फेटे बांधून आले तेव्हा एवढ्या शिट्ट्या झाल्या की पडदा हलला. गुणवंती आपली मोठमोठ्याने विचारतेय, “आवो, एवढी वऱ्हाडी आली, नि नवरा कुटं दडवलानी?” शेवटी एक गडी मशाल घेऊन धावत आला, तेव्हा तिचं समाधान झालं. (दिवसाढवळ्या मशाल, आणि अंगात नुसता गंजिफ्रॉक नि आखूड चड्डी! माझ्या मते तागा त्याच्यापर्यंत पुरला नाही. एवढा श्रीमंत देश, पण मशालजीवर ही पाळी.) आणि उंच सज्जात यजमान मंडळी होती, त्यांच्यासमोर आले की काही निशाणवाले निशाण पुढे झुकवत. काय तो डौल! मी तिथेच मनाशी ठरवलं.

तुम्हीच सांगा, आपली पालखी निघते ती कशी? कुणाच्या अंगात सदरा, कुणी उघडा, बाबल्या तर लंगोटीवर मुंबईचा टाय बांधून येतो. वरच्या वाडीचे लोक हसतात. म्हणून मी वाडीला राजी केलं आणि दापोलीच्या बाजारात जाऊन पट्ट्यांचं कापड मागितलं. सगळ्यांना पुरेल असा एकच तागा निघाला, तो गादीला घालतात त्या कापडाचा. म्हटलं, पट्टे ते पट्टे. बाळा शिंप्याने आयुष्यभर चोळ्याच शिवल्या, त्यामुळे कोटही त्याने चोळीसारखेच काखेत गच्च बेतले. आम्ही ओळीने उभे राहिलो तेव्हा साक्षात गाद्या उन्हात घातल्यासारखे दिसत होतो, हे कबूल. पण पालखी नाचवायला सगळ्यांनी एकदम हात वर केले मात्र, टर्रकन असा आवाज झाला की ढोलवाल्याने ताल बदलला.

तेही निभावलं असतं. पण निशाण झुकवायचं तर समोर उंचावर कुणी मोठं माणूस हवं, म्हणून देवळापुढे होडी उपडी घालून तिच्यावर पोलीस पाटील काशीरामबाप्पांना बसवलं होतं. ऐन वेळी बाप्पांना सुपारी लागली आणि ते पाणी प्यायला उतरले. तेवढ्यात वरच्या वाडीच्या केरूचा बोकड होडीवर चढला. माझी मान त्या कोटाच्या गळ्यात अशी आवळलेली की नजर आभाळाला, होडीवर कोण आहे ते बघायची सोय नव्हती. मी छाती काढून चार पावलं पुढे गेलो आणि निशाण झुकवलं. जे निशाण मामलेदारापुढे नमलं नाही, गोऱ्या साहेबापुढे नमलं नाही, ते बोकडापुढे नमलं. बोकडाने त्याचा गोंडा खाल्ला.

ढोल थांबले. केरू तेवढा ओरडला, “देवाचा निशान माज्या बोकडापुडं नमला! आता मान त्याचा!” तेव्हापासून तो बोकडाला ओलं खोबरं चारतो आणि म्हणतो, देवाने कौल दिला, निशाण आता आमच्या घरी आणा. निम्म्या गावाला ते पटतंय. परवा काशीरामबाप्पांनी वाटेत बोकड दिसला तर वहाणा काढल्या.

दादा, थट्टा राहू द्या. आजोबांनी, मग तुमच्या वडिलांनी छातीशी धरलेलं ते निशाण माझ्या हातून जाणार, या विचाराने घास उतरत नाही. गुणवंतीच्या नकळत दोनदा रडलो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
गंगाराम

ता. क. — पाडव्याला गाव बसणार आहे. घरातल्या थोरल्याने येऊन देवापुढे गाऱ्हाणं घालावं आणि सगळ्यांसमोर बोकडाच्या पाया पडावं, म्हणजे निशाण आपल्याच घरात राहील, असं ठरतंय. थोरले तुम्ही. काय वाटेल ते करून रजा काढा.

ता. क. दुसरं — निशाण झुकवायची बुद्धी कुणाची, असं मला देवळात उभं करून विचारलं. समोर देव, समोर गाव, समोर बोकड. माझ्या तोंडून निघून गेलं की मुंबईहून दादांचा तसा निरोप होता. तरी बंदरात उतरल्यावर कुणी काही बोललं तर मनावर घेऊ नका.

ता. क. तिसरं — आत्ताच केरू येऊन गेला. तो म्हणतो, हुकूम दादाचा, तर गंगारामचा काय दोष? तुम्ही बोकडाच्या पाया पडलात की पुढल्या शिमग्यात निशाण मीच धरावं, याला त्याची हरकत नाही. तेव्हा माझी काळजी नसावी.