दर वीस सेकंदांनी हं

३ मार्च
निर्णय झाला. म्युझिक प्लेअर घ्यायचा. वापरणार मी, पण घ्यायचा आईसाठी.
कारण लिहून ठेवतो, नंतर कुणी स्वार्थी म्हणायला नको. दिवसभर ऑफिसात फोनवर लोकांच्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकायच्या. घरी आलं की आई. बाबा गेल्यापासून तिला बोलायला मीच. आज प्लंबरने आपला नळ सोडून शेजाऱ्यांचंच पाणी बंद केलं, ती गोष्ट अकराव्यांदा. मी खेकसलो. ती घड्या घातलेले टॉवेल उलगडून पुन्हा घड्या घालत बसली. फार वाईट वाटलं. खेकसणाऱ्या मुलापेक्षा गाणी ऐकणारा मुलगा केव्हाही बरा.

९ मार्च
सहा दिवस नुसता अभ्यास. बॅटरी, मेमरी, वजन, बटणं असा तक्ता केला. ताईचं म्हणणं, फोनवर गाणी वाजतात की. ताई म्हणजे मोठी बहीण. परगावी राहते आणि तिथून सल्ले देते. फोन खिशातून काढावा लागतो, तो दिसतो. प्लेअर काडेपेटीएवढा, खिशातल्या खिशात अंगठ्याने चालतो. पण हे तिला कोण समजावणार!

१४ मार्च
घेतला. इअरफोन बिनवायरचे. आईला हल्ली कमी दिसतं, तरी उगाच विषाची परीक्षा नको.
दुकानदार म्हणाला, यात आवाजाचा कणही गाळला जात नाही, तान घेण्याआधी गायकाने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. खरंच येतो. डोळ्यांत पाणी आलं.

१६ मार्च, संध्याकाळ
पहिला प्रयोग. इअरफोनवर कानटोपी. थंडी केव्हाच सरली आहे, म्हणून आईला सांगितलं कान दुखतो. ती लगेच उठली, शेकायला गरम पाण्याची पिशवी भरून आणली. जरा कसंसंच झालं. पण आता माघार नाही.
कंपनीची पद्धत वापरली. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात, गिऱ्हाईक बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, दर वीस सेकंदांनी फक्त 'हं' म्हणायचं. हं म्हणजे हो नव्हे आणि नाहीही नव्हे. गिऱ्हाईक निवळतं आणि कंपनीवर काही शेकत नाही. सलग तीन वर्षं माझा हं विभागात पहिला आहे, सर्टिफिकेट आहे.
आई पाऊण तास बोलली. खूश दिसली.

२ एप्रिल
सतरा दिवसांत एकदाही खेकसलो नाही. ताईचा फोन. आई तिला म्हणाली म्हणे, हल्ली किती शांतपणे ऐकून घेतो गं, लहानपणी झोपताना ऐकायचा तसा. ताईचाही आवाज भरून आला. जन्मात पहिल्यांदा तिने माझी तारीफ केली.
नळाची गोष्ट अजून चालू आहे का, कल्पना नाही.

११ एप्रिल
आई बोलता बोलता रडली. मी लांब हं दिला. तो दुःखाच्या तक्रारींना लागतो, मशीनच्या दारातून पाणी येऊन गालिचा भिजला वगैरे. शिवाय तिचा हात हातात घेतला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, टोपी सरकली. बोंब! थोडक्यात निभावलं.
कशावरून रडली, उद्या विचारायचं. नक्की.

१२ एप्रिल
विचारणार कसं? मी सगळं ऐकलंय असं ती धरून चालली आहे. आता विचारणं म्हणजे तिचा अपमान. बाबांची आठवण आली असणार, दुसरं काय.

२७ एप्रिल
आई आज एवढंसंच बोलली. छोटा हं पुरला. मग उठून आत गेली, माझं गाणं अर्ध्यावरच होतं. हल्ली आटोपशीर बोलायला लागली आहे. ऐकणारा चांगला असला की माणूस आपोआप मुद्द्यावर येतं.

३० एप्रिल
ताई न कळवता हजर. आईची बॅग भरलेली. किती दिवस, मी विचारलं. ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावलं. तिच्याकडून कळलं, तीन दिवसांपूर्वी आईने मला विचारलं होतं, "मी तुला जड झालेय का रे?"
आणि मी म्हणालो, हं.
मला आधी हसू आलं. ताईने असं पाहिलं की मी आईची बॅग उचलून दारात नेऊन ठेवली. जाताना आई म्हणाली, तू हो म्हणालास त्याचं काही नाही, पण लगेच म्हणालास.

३ मे
नवा तक्ता. एका बाजूला: आई जड झाली असं म्हणालो. दुसऱ्या बाजूला: ऐकलंच नव्हतं. दुसरा गुन्हा उघडच किरकोळ. तेव्हा सरळ जाऊन खरं सांगायचं. आई हसेल, वेडा कुठला म्हणेल, बॅग उचलेल. परतीची दोन तिकिटं काढून ठेवली.

१० मे
आई ताईच्या बाल्कनीत होती. सगळं सांगितलं. प्लेअर दाखवला. तिने चाचपून पाहिला, केवढासा आहे म्हणाली आणि खरंच हसली. जमलं, मला वाटलं.
मग कधीपासून, म्हणाली. मार्चपासून, म्हटलं. तिने प्लेअर माझ्या हातात परत ठेवला.
"मग त्या बाळाचं सांगितलं, तेही नाही ऐकलंस?"
मी म्हटलं, कुठलं बाळ?
"माझं पहिलं. तुझ्या ताईच्या आधीचं." एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "तू हात धरला होतास, म्हणून सांगून झालं."
मी म्हटलं, आई, आत्ता सांग, हे बघ, दोन्ही कान मोकळे आहेत. टोपीसुद्धा काढली. ती म्हणाली, तुझी बस चुकेल, नीघ.
येताना शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. तिकीट होतंच.

१९ मे
आडून आडून ताईला विचारलं. तिला आपल्याआधी काही झाल्याचं माहीतच नाही. बाबा गेले. म्हणजे जगात हे फक्त मला सांगितलं होतं. मलाच.

२ जून
रोज संध्याकाळी सातला आईला फोन करतो. ती ताईकडच्या जिन्याचं सांगते, डोळ्यांत घालायच्या थेंबांचं सांगते, मी एकेक शब्द ऐकतो. आज न राहवून विचारलं, आई, त्याचं नाव ठेवलं होतंस का गं?
मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, जेवलास का?
हो म्हटलं. जेवलो नव्हतो.