मुलुंडच्या नकाशातलं निळं वर्तुळ

१० जानेवारी १९८३
आलो एकदाचे मुलुंडला! तळमजल्यावरच्या दोनच खोल्या, पण आपल्या. वसुधा खूश आहे आणि आमची पाच वर्षांची जयंती रिकाम्या घरात नुसती उंडारतेय. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फरशीतून वीतभर लोखंडी नळी वर आली होती, कशालाच न जोडलेली. जयंती तिला अडखळून पडली. बिल्डरचा गबाळेपणा, दुसरं काय! मी नळी कापून तिचं तोंड सिमेंटने बुजवून टाकलं.

१२ जानेवारी
ड्राफ्ट्समनची नवी नोकरीही झकास. साहेबांनी १९५४चा मुलुंडचा नकाशा दिलाय, त्यावरून नवा ट्रेस करायचा. काय सुरेख हात आहे! मधून रेल्वे, स्टेशनाभोवती मूठभर घरं, पश्चिमेला डोंगराच्या तपकिरी रेषा, पूर्वेला मिठागरं आणि जागोजागी निळी वर्तुळं, म्हणजे विहिरी. बुजवलेल्या विहिरी नव्या नकाशात घ्यायच्या नाहीत. आमची इमारत कुठे येते तेही एकदा मोजून बघणार आहे.

१५ जानेवारी
जयंतीला धाप लागते. डॉक्टर म्हणतात, छाती स्वच्छ आहे, धाप कशी चढते-उतरते ते लिहून ठेवा. स्टोव्हही धड पेटत नाही, निरांजन विझतं. वसुधा रॉकेलवाल्याच्या नावाने खडे फोडतेय. मला मात्र पोरीची काळजी वाटते.

१८ जानेवारी
नकाशात आमची जागा सापडली. स्वयंपाकघर येतं तिथे निळं वर्तुळ आहे.
वॉचमन गुणाजी मालवणकडचा. त्याला नळी बुजवल्याचं सांगितलं. विहीर, त्याच्या बोलीत बाव, बुजवताना तिच्या श्वासाला नळी ठेवतात, ती कुणी बंद करत नाही, म्हणाला. "बाव जिती आसता, सायबा. तिचो श्वास कोंडलो, तर ती घरातल्यांचो घेता." मी हसलो. हसायला नको होतं.

१९ जानेवारी
जयंतीचे ओठ निळसर — अंगणात नेलं, फरक नाही. वसुधा डॉक्टरांना आणायला धावली. मी पोरीला परत स्वयंपाकघरात आणून निजवलं, छन्नी घेतली —

सिमेंट फुटलं. नळी हवा आत ओढतेय. धूळ आपोआप आत चाललीय. आणि जयंतीने मोठ्ठा श्वास घेतला! वाचली माझी पोर! डॉक्टरांना दाखवायला लिहून ठेवतो —

छाती भरून वर आली. आता खाली —

नळी अजून आतच ओढतेय. बाहेर सोडत नाही. जयंतीची छाती वरच — डोळे माझ्याकडे —

सोड गं बये, पाया पडतो, आता तरी सो