नाजला बाजारात जाता येईना

गेवराई, मंगळवार, संध्याकाळ

नाज आजही उंबऱ्यातच अडली. मुलांसाठी लिहीत असलेल्या कादंबरीतली ही माझी पंधरा वर्षांची पोर. बापाच्या हातगाड्यावर एकटी उभी राहून ती पेरू विकते, एवढंच मला लिहायचंय. पण दरवेळी मी तिला घरातच ठेवते. स्वयंपाकघर, गच्ची, खिडकी, सगळं लिहून होतं. बाजार तेवढा येत नाही. येणार कुठून? तेराव्या वर्षी माझंच अब्बांच्या पेरूच्या गाड्यावर जाणं बंद झालं. "मोठी झालीस, आता घरी ऱ्हा," अब्बा म्हणाले होते. त्याआधी मी ओरडून ओरडून पेरू विकायचे. लई आवडायचं मला.

म्हणून आज धीर करून अब्बांनाच विचारलं, संध्याकाळी गाड्यावर काय काय असायचं? ते खुलले. हायवेवर थांबणाऱ्या एसट्या, गॅसबत्तीभोवतीचे किडे, पेरूवर जास्तीचं तिखट-मीठ मागणारी कॉलेजची पोरं. मी भराभर लिहून घेत होते. मध्येच ते हसले.

"तू कावून येत नव्हतीस गं? लहानपणी रोज यायचीस. मग तुला कंटाळाच आला गाड्याचा."

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच तसं आठवतंय. मी अजून ज्यात अडकलेय, ते त्यांच्या लेखी घडलंच नाही?

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण ते किती मायेनं बघत होते.

"हो अब्बा," मी म्हणाले, "कंटाळाच आलता."