ताऱ्यात पडणारे ग्रह

बाबा, कॉलेजात तुम्हाला सर म्हणावं लागायचं, घरी बाबा, आणि त्या दिवशी तुम्हाला काहीच म्हणायची माझी इच्छा नव्हती. लंबकाचा प्रयोग होता. गुरुत्वाकर्षणाचं उत्तर ९.८ यायला हवं हे सगळ्या वर्गाला पाठ, म्हणून सगळे उत्तरापासून उलटे निघून आकडे भरत बसलेले. माझं आलं ९.२. मी तेच लिहिलं. तुम्ही लाल पेनाने काट मारलीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "उत्तर ठाऊक आहे ना गो तुला? मग मुकाट तिथपर्यंत ये." मी आले नाही. संध्याकाळी आई बांगडे तळतेय आणि आपण दोघं दोन भिंतींकडे तोंड करून जेवतोय.

आता भाटे गावातल्या आपल्या त्याच घरात बसून मी संगणकावर ग्रह जन्माला घालते. कोवळ्या ताऱ्याभोवती वायूची मोठी तबकडी फिरत असते, तिच्यात हे नवे ग्रह. वायू त्यांना मागे ओढत राहतो आणि ते हळूहळू आत सरकतात. माझे बहुतेक ग्रह शेवटी ताऱ्यात पडतात. आमच्या संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणतात, पृथ्वी वाचली आहे ना, मग वायू जरा लवकर विरला असं धर आणि वाचलेलेच ग्रह शोधनिबंधात दाखव. नाहीतर पुढच्या वर्षी तुझी जागा राहील असं सांगता येत नाही. मी पडलेला प्रत्येक ग्रह दाखवणार आहे. आपल्याला वायू नीट कळलेला नसेल किंवा पृथ्वी नुसती नशिबाने वाचली असेल, पण झाकून ठेवलं तर यातलं काहीच कळणार नाही. नोकरी जाते तर जाऊ दे. तुम्ही असतात तर पुन्हा काट मारली असतीत. खुशाल मारा.

पुण्याला शिकायला निघाले तेव्हा तुम्ही प्रयोगशाळेतलं ते जुनं स्टॉपवॉच माझ्या हातात ठेवलंत. तेच, काचेला चीर गेलेलं, ज्याने मी लंबक मोजला होता. इतकी वर्षं ते कपाटात पडून होतं. काल मोबाइलशेजारी ठेवून पाहिलं, तर मिनिटाला दोन सेकंद पुढे पळतं. म्हणजे लंबकाच्या झोक्याला ते खऱ्याहून जास्त वेळ दाखवणार आणि उत्तर कमी येणार; त्या घड्याळाने ९.२ च यायला हवं होतं, बाबा. मी चुकले नव्हते, घड्याळ चुकत होतं, आणि ९.८ लिहिणाऱ्यांना ते जन्मात कळलं नसतं.

तुम्हाला ठाऊक होतं का? म्हणून दिलंत का ते मला? प्रयोगशाळेत तुमच्या हाताखाली काम केलेले सहाय्यक देवरूखला आहेत, चांगले हिंडतेफिरते. विचारलं तर सांगतील. मी अजून गेलेली नाही.